गाण्यात बोली आली, बोलणारा कधी येणार? नेपल्सचं जॅझ-फंक आणि पाटोद्याचा कोयता

२९ ऑक्टोबर २०२५ ला इटलीतल्या नेपल्स शहरात जेम्स सेनेसे नावाचा सॅक्सोफोनवादक वारला. वय ८० वर्षं. तीनच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, महाराष्ट्रात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातून दरवर्षीप्रमाणे बिऱ्हाड, पोरंबाळं आणि कोयते घेऊन टोळ्या ऊस तोडायला निघाल्या.

आता तुम्ही म्हणाल, नेपल्सच्या सॅक्सोफोनचा आणि पाटोद्याच्या कोयत्याचा काय संबंध?

थेट संबंध काहीच नाही. पण सेनेसेने ५० वर्षांपूर्वी जे केलं, ते बघितलं की आपल्याकडच्या एका गोष्टीकडे नीट लक्ष जातं. सध्या मराठी बोलीतली गाणी रील्सवर जोरात आहेत. शहरातली पोरंसुद्धा गावाकडचे शब्द मिरवतायत. पण ती बोली रोज बोलणारा माणूस, त्याचं काम, त्याची मजुरी, त्याचं घर सोडणं, हे त्या गाण्यांत किती आहे?

नेपल्समध्ये नेमकं काय झालं होतं?

सेनेसेचा जन्म १९४५ चा, नेपल्सच्या मियानो या उपनगरातला. आई तिथलीच. वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत आलेले कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक, जे नंतर अमेरिकेला परत गेले. पोराचा रंग अमेरिकन आणि तोंडात भाषा नेपल्सची, तीही गल्लीतली.

१९७५ मध्ये त्याने ड्रमवादक फ्रांको देल प्रेते याच्यासोबत एक बँड काढला. नाव ठेवलं 'नापोली चेंत्राले'. हे नेपल्सच्या मुख्य रेल्वे स्टेशनचं नाव. त्या काळात दक्षिण इटलीतले लाखो गरीब लोक उत्तरेकडच्या कारखान्यांत कामाला जायचे. त्यामुळे तिथल्या माणसाला स्टेशनचं नाव ऐकल्यावर गाव सोडून जाणारी माणसं आठवणं साहजिक होतं.

या बँडचं संगीत जॅझ-फंक होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेलं संगीत, ज्यात वाजवणारा ठरलेल्या सुरावटीभोवती तिथल्या तिथे नवं काही रचत जातो. आपल्याकडे गायक रागात आलापी करतो, तसंच काहीसं, पण नियम वेगळे. फंक म्हणजे १९६० च्या दशकात जेम्स ब्राऊनसारख्यांनी पुढे आणलेला प्रकार. त्यात सूर मागे आणि ठेका पुढे. पहिल्या मात्रेवर दणका, खाली बास गिटारची सतत फिरणारी ओळ, आणि ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायला लागतात.

सेनेसेने हे अमेरिकन संगीत घेतलं, पण गायला तो नेपल्सच्या बोलीत. प्रमाण इटालियन बोलणाऱ्या मिलानच्या माणसाला ती बोली धड कळतही नाही. पहिल्याच अल्बममध्ये 'काम्पान्या' म्हणजे 'रान-शिवार' नावाचं गाणं होतं. विषय काय, तर राबतो शेतमजूर आणि गब्बर होतो मालक.

म्हणजे वाद्यं परदेशी, बोली घरची आणि विषय मजुराचा. तिन्ही गोष्टी एकाच गाण्यात आल्या.

याच बँडमध्ये काही काळ बास गिटार वाजवणारा पिनो दानिएले पुढे इटलीतला मोठा स्टार झाला. गल्लीतली मानली जाणारी बोली देशभरातल्या रेडिओवर वाजायला लागली. २०२४ मध्ये मियानोला लागूनच असलेल्या सेकोन्दिल्यानो भागातला जोलिए हा रॅपर इटलीच्या सर्वात मोठ्या संगीत स्पर्धेत, सानरेमोत, नेपल्सच्या बोलीतलं गाणं घेऊन उतरला. त्याच्या बोलीवरून वाद झाला, एका रात्री सभागृहात त्याची हुर्यो उडवली गेली. तरी तो दुसरा आला.

५० वर्षांनंतरही बोलीवरून नाकं मुरडली जातातच. पण तिला देशाच्या मोठ्या मंचावरून कुणी खाली उतरवू शकलं नाही.

आपल्याकडे सामान कमी होतं का?

अजिबात नाही. आपल्याकडे सगळं होतं, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी होतं.

आधी जॅझ बघू. हिंदी सिनेमात जॅझचं वारं आणणाऱ्या पहिल्या संगीतकारांत सी. रामचंद्र यांचं नाव घेतलं जातं. माणूस मराठी, रामचंद्र नरहर चितळकर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. १९५१ चा 'अलबेला' त्यांचा. त्यात त्यांच्यासोबत चिक चॉकलेट या नावाने गाजलेला गोव्याचा ट्रम्पेटवादक होता. पडद्यावर नाचणारे, आणि सिनेमाचे दिग्दर्शकही, भगवान दादा. गिरणी कामगाराचा मुलगा. त्यांचा तो नाच पुढे गणपतीच्या मिरवणुकीत असा मुरला, की आजही गल्लीतला एखादा काका तसाच नाचतो.

म्हणजे १९५१ मध्येच मराठी संगीतकार, गोव्याचा जॅझ आणि गिरणगावातला नाच एकत्र आले होते. पण गाणी हिंदीत होती. कारण बाजार हिंदीचा होता.

बोली आणि जॅझ एकत्र आले ते कोकणीत. मडगावचे ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांनी १९७० च्या आसपास कोकणी गाण्यांना जॅझचा साज चढवला. ऐकणारे कोण? गोव्यातली माणसं, आणि मुंबईत धोबीतलाव भागातल्या 'कुडां'मध्ये राहणारे गोंयकार. कुड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत घेतलेली राहायची सोय. जहाजावर जाणारे खलाशी, स्वयंपाकी, वादक तिथे उतरायचे. त्यांच्या भाषेत, त्यांच्या जगण्यावर, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या साथीने गाणी झाली. नेपल्सच्या सर्वात जवळ जाणारं उदाहरण हेच.

मग मराठी मजुराचं गाणं कुणी गायलं? शाहिरांनी. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि गवाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' काढलं. हलगी, डफ, तुणतुणं घेऊन ही मंडळी गिरणी कामगारांसमोर उभी राहायची. मुंबईला आलेल्या मजुराची आणि गावाकडे राहिलेल्या त्याच्या बायकोची ताटातूट मांडणारी अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड आजही म्हटली जाते. पुढे वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी भीमगीतं वस्तीवस्तीत नेली. त्यांत लोकगीताची चाल आली, कव्वालीचा ठेकाही आला. फ्यूजन हा शब्द कुणी वापरला नाही, पण ते फ्यूजनच होतं.

आणि वाद्यं? ती तर बीडच्या कुठल्याही लग्नात दिसतील. वरातीपुढच्या बँडमधली क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ही मूळची लष्करी बँडची वाद्यं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर अशाच बँडमधून जॅझ घडला. आपल्याकडे त्याच वाद्यांशेजारी हलगी आणि संबळ उभे राहिले. ही वाद्यं वाजवणारे बहुतेक जण पिढ्यानपिढ्या भूमिहीन राहिलेल्या, दलित आणि भटक्या समाजांतले. वरातीत डीजे आल्यापासून त्यांची कामं कमी होत गेली.

२०१६ मध्ये 'सैराट' आला. पाटोद्याहून जामखेड ओलांडून पुढे गेलं की करमाळा तालुका लागतो, त्या भागातली ही कथा. अजय-अतुल यांनी संगीताचा काही भाग अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या सिम्फनी वाद्यवृंदासोबत रेकॉर्ड केला. एकीकडे हलगीचा कडकडाट, दुसरीकडे व्हायोलिनचा ताफा आणि शब्द गावरान. अशा बोलीला एवढा मोठा वाद्यमेळ मिळू शकतो, हे महाराष्ट्राने तेव्हा ऐकलं.

मग ऊसतोडीचं गाणं कुठंय?

पाटोदा हा बालाघाटाच्या डोंगरातला तालुका. मांजरा नदी याच डोंगरात उगम पावते, पण पाणी खाली वाहून जातं. शेती पावसाच्या भरवशावर. ऊसतोड मजुरांचा राज्यातला आकडा दहा लाख आणि त्याहून जास्त सांगितला जातो, आणि त्यात सर्वात मोठा वाटा बीड जिल्ह्याचा. दिवाळीच्या आगेमागे निघायचं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे किंवा थेट कर्नाटकात जायचं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचं.

या कामाची स्वतःची एक भाषा आहे. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. म्हणजे माणसं दोन, मोजणी एक. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे म्हणजे 'उचल'. राहायची पाचटाची झोपडी म्हणजे 'कोपी'. कामाला न जाता आलेला दिवस म्हणजे 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ज्या शेतात तोड चालू असते तो 'फड'. मराठीत तमाशाच्या संचालाही फड म्हणतात. एकाच शब्दात काम आणि कला दोन्ही आहेत, पण उसाच्या फडातलं गाणं तमाशाच्या फडाइतकं कधी गाजलं नाही.

आकडे बघा. जानेवारी २०२४ च्या करारानुसार तोडणीचा दर टनामागे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो असं धरलं, तर दोन टनांचे होतात ७३२ रुपये. दोन माणसांचे, पहाटेपासूनच्या कामाचे. त्यातून आधीची उचल फेडायची.

बायकांच्या वाट्याला काय येतं, हे २०१९ मध्ये समोर आलं. बीड जिल्ह्यात सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. हा विषय बातम्यांत आला, विधिमंडळात आला, समिती नेमली गेली. गाण्यात मात्र तो ठळकपणे आला नाही.

बीडच्या बायका गात नाहीत असं समजू नका. 'जात्यावरच्या ओव्या' या प्रकल्पात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या महिलांच्या ओव्या १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा ठेवा आहे. ओवी म्हणजे बाईने कामाच्या ठेक्यावर, स्वतःच्या बोलीत, तिथल्या तिथे रचलेलं गाणं. पुढे गावोगावी विजेची गिरणी आली. जात्याचे कष्ट गेले, हे चांगलंच झालं. पण जातं गेलं तसं पहाटे गायचं निमित्तही गेलं. पहाट तशीच राहिली, आता ती फडात जाते.

फडात संगीत वाजतं, पण ते ट्रॅक्टरवरच्या साउंडमधून. उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर लांबूनच ऐकू येतो, इतका आवाज मोठा. कोपीत मोबाईल असतो. म्हणजे ऊसतोड कामगार गाण्यांचा मोठा श्रोता आहे. गाण्याचा विषय आणि गाण्याचा मालक मात्र तो क्वचितच असतो.

आज तर बोलीचे दिवस आहेत, मग तक्रार कशाची?

खरं आहे. २०२४ मध्ये संजू राठोडचं 'गुलाबी साडी' देशभर वाजलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या 'तांबडी चामडी'ने मराठी शब्द हाऊस म्युझिकवर नाचवले. २०२३ मध्ये अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी रॅप घेऊन 'एमटीव्ही हसल'च्या मंचावर पोचला. मुंबईच्या 'स्वदेशी' गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातल्या आदिवासींचा प्रश्न 'द वारली रिव्होल्ट'मधून मांडला, प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन.

यात दोन प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. एका प्रकारात बोली चवीसाठी येते, मिसळीवर तर्री टाकतात तशी. गाणं मस्त होतं, नाच होतो, त्यात वाईट काही नाही. दुसऱ्या प्रकारात बोली येते कारण ती गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगताच येत नाही. 'उचल' या शब्दाला 'ॲडव्हान्स' म्हटलं, की त्यातलं ओझं निघून जातं. 'नापोली चेंत्राले' दुसऱ्या प्रकारातलं होतं. वऱ्हाडी रॅपमध्ये आणि 'स्वदेशी'च्या कामात हा दुसरा प्रकार दिसतो.

दुसरा प्रकार कमी का? एक कारण पैसा. मजुरीवरच्या गाण्याला लग्नाच्या सुपाऱ्या मिळत नाहीत. दुसरं कारण धास्ती. एप्रिल २०२३ मध्ये राजकीय टीका करणाऱ्या रॅपवरून राज्यात दोन तरुण रॅपरवर गुन्हे दाखल झाले, त्यातला एक मराठवाड्यातला होता. अशा बातमीनंतर कारखाना, मुकादम आणि पुढारी यांच्यावर गाणं लिहायला बसलेला पोरगा दोनदा विचार करणारच.

तिसरं कारण लाज. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पण बीडचा पोरगा पुण्यात शिकायला गेला की आधी आपली बोली लपवतो. ही बोलीही एकसारखी नाही. अंबाजोगाई-परळीकडे 'करायलो, जायलो' कानावर येतं, आष्टी-पाटोद्याकडे बोलण्याला नगरी वळण लागतं. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात मात्र या सगळ्याची एकच 'गावंढळ' भाषा होते. ज्या बोलीवर हसायची सवय लागली, त्या बोलीत कुणी दुःख सांगितलं तरी लोक आधी हसतात.

गाण्याने टनाचा भाव वाढतो का?

नाही. हे सरळ सांगितलेलं बरं. 'काम्पान्या' गाजलं म्हणून इटलीतल्या शेतमजुराची मजुरी वाढली नाही. ऊसतोडीचा दर करारात ठरतो, संपाने आणि संघटनेने वाढतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं काम नीट चालतंय का, मुलांची वसतिगृहं वेळेवर उघडतात का, हे प्रश्न गाण्याने सुटत नाहीत.

पण गाणं एक करू शकतं. 'कोयता' म्हणून मोजल्या जाणाऱ्या दोन माणसांना ते दोन वेगळे आवाज देऊ शकतं. नेपल्समध्ये बोलीची लाज कमी व्हायला अशा गाण्यांचा हातभार लागला, आणि त्याचा फायदा पुढच्या पिढीतल्या पोरांना झाला. ते करिअर म्हणून आपल्या बोलीत गाऊ शकले.

आता यातली तुमच्या-आमच्या कामाची गोष्ट. समजा, पाटोद्यातल्या एखाद्या पोराने किंवा बाईने स्वतःचं गाणं रचलं, मोबाईलवर गायलं आणि ते व्हायरल झालं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याखाली बीट टाकून नवं गाणं काढलं आणि 'पारंपरिक' असं लिहून मोकळा झाला. अशा वेळी कायदा काय म्हणतो?

स्वतः रचलेल्या गाण्यावर रचणाऱ्याचा हक्क ते लिहिल्या किंवा रेकॉर्ड केल्या क्षणापासून असतो. नोंदणी सक्तीची नाही, पण तारखेचा पुरावा ठेवलेला बरा. खरोखरच्या पारंपरिक गाण्यावर कुणा एकाचा हक्क नसतो. त्याचं नवं संगीत संयोजन आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याला हक्क मिळतो, तो फक्त त्या नव्या भागापुरता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत समान वाट्याचा हक्क आहे. पण ती रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं लागतं. गाणाऱ्यालाही कलाकार म्हणून वेगळा हक्क असतो. ही माहिती मुंबईच्या स्टुडिओत सगळ्यांना असते. ती कोपीपर्यंत पोचवणं फार अवघड नाही, व्हॉट्सॲपवर एका मेसेजचं काम आहे.

आणि ऐकणाऱ्यांनी काय करायचं? बोलीतलं एखादं गाणं शेअर करताना एवढंच बघा, की रचणाऱ्याचं नाव कुठे लिहिलंय का. नसेल तर कमेंटमध्ये विचारा. 'पारंपरिक' लिहिलं असेल तर कुठल्या गावचं, कुणाकडून ऐकलं, हेही विचारा. संगीत करणाऱ्यांना सांगण्यासारखं एक आहे. हलगी आणि क्लॅरिनेट सॉफ्टवेअरमधून घेण्याआधी जवळच्या बँडवाल्याला एकदा फोन करून बघा. पावसाळ्यात लग्नं नसतात आणि टोळ्याही गावात असतात. तेव्हा तो वादक मोकळा असेल, आणि फडातली गोष्ट सांगणारं माणूसही जवळच सापडेल.